नऊ पिढ्यांचा प्रोग्राम

मलकापूरच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी अठरा वर्षं लॅब असिस्टंट आहे, तिथंच गेल्या जूनपासून मी विद्यार्थिनीही आहे. म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत मी पोरांना मशीन चालू करून देते आणि साडेपाचपासून त्यातल्याच एका मशीनपुढं बसून शिकते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामिंगचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. नाकापेक्षा मोती जड. वर्गात बावीस जण, सगळे विशीतले, आणि मी सेहेचाळीस. मी शेवटच्या रांगेतलं सतरा नंबरचं मशीन घेते. त्याचं एक बटण अडकतं हे मला ठाऊक आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला देऊन त्याची बोलणी खाण्यापेक्षा आपणच वापरलेलं बरं.

वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही असं नाही. दर दहा मिनिटांनी बोलतात. "ताई, माउस चालंना." "ताई, नेट गेलं." चाचणी परीक्षेत मी स्वतःचा पेपर अर्धा टाकून एकाचा मॉनिटर बदलून दिला. पण तास संपला की ते सगळे घोळक्यानं चहाला जातात आणि मी मशीन बंद करत मागं राहते. त्यांचा दोष नाही. मावशीच्या वयाच्या बाईला चहाला चला म्हणायला त्यांची जीभ रेटत नसणार. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच.

शिकवायला जयराज सर. सत्तावीस वर्षांचा मुलगा, पण सर म्हणजे सर. त्यांचा हट्ट असा की पहिल्या सत्रात लिस्प आणि प्रोलॉग, दुसऱ्यात जावा. पोरं कुरकुरली. हल्ली फोनला काहीही विचारलं तरी तो घडाघडा बोलतो, मग या आजोबांच्या काळातल्या भाषा कशाला? सर म्हणाले, "बोलणारं यंत्र कुणीही वापरेल. यंत्राला एखादी गोष्ट कळते म्हणजे नेमकं काय होतं, ते इथं दिसतं." मला ते पटलं. मला आयुष्यात सगळं उशिराच मिळालेलं आहे, तेव्हा भाषाही जुन्या मिळाल्या यात काय नवल!

लिस्पनं मला छळलं. नुसते कंसच कंस, आणि एक मिटायचा राहिला की सगळं घोडं पेंड खातं. प्रोलॉग मात्र पहिल्याच दिवशी आवडली. तिला हुकूम सोडायचे नसतात. आपल्याला माहीत आहे ते एकेका ओळीत सांगायचं, दोन-चार नियम सांगायचे आणि मग प्रश्न विचारायचा. सयाजीचं मूल आकाराम, आकारामचं मूल सखाराम, आणि मुलाचं मूल ते नातवंड, एवढं सांगितलं की सयाजीचं नातवंड कोण हे ती आपलं आपण शोधून सांगते. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका दारात बसून असंच नातं जुळवतात.

त्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, जे सांगितलं ते खरं, जे सांगितलं नाही ते खोटं. "प्रोलॉगचं जग बंदिस्त आहे," ते म्हणाले. "मला माहीत नाही, असं तिला म्हणता येत नाही. माहीत नसेल तर ती सरळ नाही म्हणते." मी वहीत उतरून घेतलं. परीक्षेत येण्यासारखं होतं.

जानेवारीत प्रकल्पाचा विषय द्यायचा होता. अट अशी, की माहिती आणि नियम प्रोलॉगमध्ये लिहायचे आणि पडद्यावर दिसणारं सगळं जावात. जावाची तऱ्हा वेगळी. तिथं प्रत्येक माणूस, प्रत्येक चीज म्हणजे एक वस्तू. तिची माहिती तिच्याजवळ आणि तिला काय करता येतं तेही तिच्याजवळ. पोरांनी उसाचे रोग, क्रिकेटचे सामने असले विषय घेतले. माझा विषय ठरला तो हेळव्यामुळं.

हेळवी कोण हे आमच्याकडं सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. ही माणसं कर्नाटकातून येतात आणि आमच्या भागातल्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. चार-पाच वर्षांनी एकदा गावात उतरतात, देवळात मुक्काम करतात, दारोदार जाऊन त्या त्या घराचे पूर्वज वाचून दाखवतात आणि शेवटच्या दिवशी नवी नावं वहीत चढवतात. पूर्वी बैलावर बसून यायचे. आमचा यल्लाप्पा हेळवी आता मोटारसायकलवरून येतो, वह्या पत्र्याच्या पेटीत घालून मागं बांधलेल्या. वही कानडीत. त्याच्याशिवाय ती गावात कुणालाच वाचता येत नाही, म्हणून तिचा दरारा जास्त.

माझं गाव तासगावपासून सहा किलोमीटरवर. तिथं माझे वडील एकटे राहतात. नाव नानासो, आम्ही आप्पा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त. आई जाऊन सहा वर्षं झाली, आणि मी त्यांची एकुलती एक. मी दर शनिवारी विट्याला एसटी बदलून घरी जाते आणि रविवारी संध्याकाळी परत येते. मलकापूरला चला म्हटलं की आप्पा म्हणतात, "तितं मला कोन वळकतंय?" आणि मला गावी राहायचं नाही, कारण तिथं मला सगळे ओळखतात.

ओळखतात ते असं. बाविसाव्या वर्षी मला आटपाडीत दिली आणि सव्विसाव्या वर्षी मी परत आले. चार वर्षांत मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली, काडीमोड रीतसर झाला, मी शिकले आणि नोकरीला लागले. संपलं. आप्पा मला त्यावरून कधी टोचून बोलले नाहीत. पण त्यांनी कधी जवळ बसवून, 'तू हायस की मला,' असंही म्हटलं नाही. त्या एका वाक्याची मी वीस वर्षं वाट बघत होते, हे आता लिहायला हरकत नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी घरी पोचले तर सोप्यात भाऊसोकाका बसलेले. आप्पांचे चुलतभाऊ, शेजारच्याच घरात राहतात. त्यांचा धाकटा मुलगा शंभूराज आता तिशीत आहे आणि आमची द्राक्षबागही तोच बघतो. मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेरचं बोलणं कानावर आलं.

"यल्लाप्पा आलाय देवळात. म्होरल्या ऐतवारापतूर हाय," भाऊसोकाका म्हणाले. "यंदा तुज्या खाली आमच्या शंभूचं नाव घालू, नाना. तुजा वंस खुटल्याला बरा दिसतोय व्हय वहीत?"

"घालू की," आप्पा म्हणाले.

एवढंच. आमटीत मीठ घालू की, म्हणावं तसं. मी आत पातेल्यापुढं उभी होते आणि चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

यात जमिनीचा काही संबंध नव्हता हे आधीच सांगते. सातबाऱ्यावर माझं नाव लागलेलं आहे. आप्पांनी स्वतः तलाठ्याकडं खेटे घालून लावलं. म्हणजे सरकारला मी मान्य होते. शंभूराजशीही माझं वाकडं नाही, पोरगा गुणी आहे. पण त्याचं नाव एकदा आप्पांच्या खाली लागलं की पुढं दर पाच वर्षांनी तेच दारात वाचलं जाणार. आप्पांना एक मुलगी होती हे कुणाच्या कानावर पडणार नाही. मला त्या जागी माझं नाव हवं होतं, आणि ते आप्पांनी आपल्या तोंडानं सांगायला हवं होतं. मी मागितलं असतं तर कदाचित दिलंही असतं. पण मागून घेतलेल्याचं मला काय करायचं होतं? मी चहा गाळला आणि बाहेर नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लाप्पा दारात आला. साठीचा माणूस, डोक्याला पटका, आवाज खणखणीत. मी त्याला विचारलं, "मामा, तुमी वाचाल ते फोनात भरून घेऊ का? शिक्षणासाठी पायजे. यंत्रात घालनार हाय."

"घाला की," तो म्हणाला. "माजं पोरगं बेळगावात कुरिअरमदी हाय. त्ये काय ही पेटी उचलनार न्हाई माज्यामागं."

तो उभ्यानं वाचत गेला. अमक्याच्या पोटी अमका, त्याच्या पोटी चौघं, त्यातल्या थोरल्याच्या पोटी हे हे. नऊ पिढ्या, एकशे त्रेचाळीस नावं. आप्पा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते, पलटणीत हजेरी चालल्यासारखे. शेवटी, "सखारामाच्या पोटी नानासो," असं म्हणून यल्लाप्पा थांबला आणि त्यानं पान उलटलं. पुढं काही नव्हतं.

त्या आठवड्यात मी रोज तास संपल्यावर मागं थांबून ती नावं भरली. तशीही मी मागंच थांबत होते. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. आमच्याकडं नातवाला आजाचं नाव ठेवतात, त्यामुळं नऊ पिढ्यांत चार सयाजी आणि तीन आकाराम. मी सगळे सरळ घालून टाकले आणि सयाजीचे पूर्वज विचारले, तर प्रोलॉगनं सांगितलं की सयाजीचा आजा सयाजी, त्या सयाजीचा आजाही सयाजी, आणि तोच तो सयाजी फिरवत मशीन बसलं ते शेवटी मला बंदच करावं लागलं. यंत्राच्या लेखी आमचा मूळपुरुष स्वतःच स्वतःचा आजा झाला होता! मी एकटीच लॅबमध्ये खो खो हसले. हसून झाल्यावर इकडंतिकडं बघितलं, तर सांगायला कुणी नव्हतं.

प्रत्येक सयाजीला पिढीचा आकडा लावला तेव्हा गाडी रुळावर आली. मग जावातलं काम. 'व्यक्ती' नावाचा साचा केला, त्यातून एकशे त्रेचाळीस माणसं काढली. वर नाव लिहायचं, खाली उत्तर येणार. अक्षरं मुद्दाम मोठी ठेवली, आप्पांना चष्म्यातूनही बारीक दिसत नाही म्हणून. ज्यांना मुलं होती त्यांच्यासाठी वाक्य केलं, 'यांची मुलं:' आणि पुढं नावं. ज्यांना नव्हती त्यांच्यासाठीही वाक्य लागणारच. मी लिहिलं, 'यांना मूल नाही.' लिहायला काही विचार करावा लागला नाही. ऐकून ऐकून पाठ झालेलं वाक्य होतं.

शुक्रवारी जयराज सरांनी प्रकल्प बघितला. पाच-सहा प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. सयाजीचा घोटाळा ऐकून तेही हसले. "मॅडम, वर्गातला सगळ्यात चांगला प्रकल्प तुमचा आहे," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की खोलीवर जाताना मी स्वतःसाठी जिलेबी घेतली. खोलीवर पोचून आप्पांना फोन लावला. ते म्हणाले, "बरं झालं. जेवलीस का?" मी हो म्हटलं. मग फोन ठेवला.

शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन घरी गेले. आप्पांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसून घातला. मला वाटलं होतं, दोन मिनिटं बघतील आणि उठतील. पण त्यांना नाद लागला.

"माज्या आज्ज्याला किती पोरं, इचार बरं."

मी नाव घातलं. पाच नावं पडद्यावर आली. आप्पांनी ती बोटावर मोजली. "आयला! इस्वनाथ हाय त्येच्यात? त्यो पटकीत गेला ल्हान आसताना. घरात कुनी नाव घेत न्हवतं त्येचं. ह्येला बरं ठावं!"

मग त्यांनी पणजा विचारला, खापरपणजा विचारला, भाऊसोकाकांचं आणि आपलं नातं विचारलं. प्रत्येक उत्तराला मांडीवर थाप. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका गोष्टीवर इतका वेळ वाकून बसलो नव्हतो. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. मला वाटत होतं, हे असंच चालू राहावं.

"आता माजं बघ," आप्पा म्हणाले. "नानासो घाल."

मी घातलं. त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात काही नव्हतं, खरंच सांगते. मी बटण दाबलं आणि मी केलेल्या त्या मोठ्या अक्षरांत उत्तर आलं. नानासो सखाराम. यांना मूल नाही.

आप्पांनी ते ओठ हलवत एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

एकशे त्रेचाळीस नावं मी माझ्या हातानं भरली होती आणि त्यात एक बाई नव्हती. माझी आई नव्हती, आप्पांची आई हरणाबाई नव्हती, मी नव्हते. हेळव्यानं गाळल्या ते ठीक, त्याची रीतच तशी. पण मी एक बाईमाणूस, आठवडाभर बसून एका घराण्याच्या झाडून सगळ्या बाया गाळत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! वरून पाच-सहा प्रश्न विचारून सरांनी शाबासकी दिली होती, आणि मी जिलेबी खाल्ली होती.

"ह्ये कुनी लिवलं?" आप्पांनी विचारलं.

"मीच."

"मला मूल न्हाई?"

"आवं आप्पा, त्येला जे सांगितलं न्हाई ते त्ये न्हाईच म्हंतं. वहीत हुतं तेवडंच मी घातलं."

"आगं पर तू ही हितं बसलीयास न्हवं."

"त्येला मी दिसत न्हाई," मी म्हटलं.

आप्पा रागावले. पण कुणावर रागवावं ते त्यांना कळेना. "बंद कर त्ये," म्हणाले आणि उठून अंगणात गेले. तिथं काही काम नव्हतं. उगाच झाडू घेऊन कोपऱ्यातला पाला लोटत राहिले.

मला त्या वेळी काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. जे वाक्य मी आटपाडीत चार वर्षं उठता-बसता ऐकलं, ते आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल ऐकलं होतं. फक्त एक मिनिट. मला बरं वाटलं. आणि म्हाताऱ्या बापाचं तोंड उतरलेलं बघून आपल्याला बरं वाटतंय, याची लाजही वाटली.

चूक सुधारायला एक ओळ पुरे होती. नानासोचं मूल संयोगिता. दहा सेकंदांचं काम. मी लॅपटॉप उघडला, ओळ लिहायच्या जागी गेले आणि परत मिटला. ते मी सांगायचं नव्हतं.

जेवताना आप्पांनी एकच विचारलं. "तुज्या आईचं नाव हाय का त्येच्यात?"

"न्हाई," मी म्हटलं. त्यांनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही.

रविवारी सकाळी यल्लाप्पा नवी नावं लिहायला आला. आमचं घर शेवटचं होतं. भाऊसोकाका आणि शंभूराज आधीच येऊन बसले होते. शंभूराजनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी रीतीप्रमाणं हळदी-कुंकू, ज्वारीनं भरलेली पाटी आणि नवा टॉवेल आणून ठेवला आणि चौकटीला टेकून उभी राहिले. आत जायला पाहिजे होतं, पण गेले नाही.

यल्लाप्पानं वहीला कुंकू लावलं, पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं. "नानासो आप्पा, तुमच्या खाली कोन?"

भाऊसोकाकांनी शंभूराजच्या पाठीवर हात ठेवला.

"संयोगिता," आप्पा म्हणाले.

यल्लाप्पाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यानं भाऊसोकाकांकडं बघितलं. काकांनी आप्पांकडं बघितलं. "नाना, आरं ठरल्यालं काय आपलं?"

"ठरलं हुतं. आता न्हाई."

"आप्पा, लेकी लिवत न्हाई री आमी," यल्लाप्पा समजुतीच्या सुरात म्हणाला. "लेक दिल्या घरच्या वहीत जाती. तकडचा हेळवी लिवतोय तिला."

"तकडच्या वहीत हाय का ही?" आप्पांनी विचारलं.

यल्लाप्पा घुटमळला. आटपाडीचं ते घर त्याच्या हेळवी मेव्हण्याच्या वहीत होतं, त्याला माहीत होतं. "तितं दुसरीचं नाव हाय आता," तो म्हणाला.

"म्हंजे तितं न्हाई. हितं बी न्हाई." आप्पांचा आवाज चढला. "मग ही मानूस कुटल्या वहीत हाय त्ये दाव मला. नऊ पिढ्या घिऊन हिंडतूयास न्हवं पेटीत? दाव."

भाऊसोकाका काही बोलणार होते, पण शंभूराजच म्हणाला, "लिवा की मामा. मी माज्या बाच्या खाली हायच. मला दोनदा लिवून काय करायचंय?"

"आन हिच्या आईचं बी लिव माज्या शेजारी," आप्पा म्हणाले. "येसूबाई."

यल्लाप्पानं क्षणभर वहीकडं बघितलं. मग मान हलवली आणि लिहायला लागला. कानडी अक्षरं गोल गोल उमटत गेली. मला ती वाचता येत नव्हती, पण आप्पांच्या नावाखालच्या कोऱ्या जागेत ती उमटत होती एवढं मला चौकटीतून दिसत होतं. वीस वर्षं जे वाक्य मागितलं नव्हतं, ते आप्पांनी चारचौघांत, भांडून, म्हटलं होतं. मला पुढं होऊन त्यांचे पाय धरावेसे वाटले. आमच्या घरात तसं कुणी करत नाही, म्हणून मी जागची हलले नाही.

लिहून झालं. यल्लाप्पानं पेन तसंच धरलं, पुढच्या ओळीवर नेलं आणि प्रत्येक घरात विचारतो तसंच, वर न बघता विचारलं, "आन हिच्या खाली?"

शंभूराज दाराबाहेर बघायला लागला. आप्पांनी तोंड उघडलं. पण यल्लाप्पाशी इतका वेळ भांडणाऱ्या माणसाला आता भांडायलाही काही उरलं नव्हतं. इथं कुणी चुकून गाळलेलं नव्हतं. हे 'नाही' खरोखरच नाही होतं.

"कुनी न्हाई, मामा," मी म्हटलं. "रेघ मारा."

यल्लाप्पाच्या तेव्हा लक्षात आलं. त्यानं घाईघाईनं खाली एक आडवी रेघ ओढली आणि वही मिटायला घेतली. भाऊसोकाका खाकरले. आप्पा उठले, काठी न घेताच, भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले.

नवं नाव चढवलं की हेळव्यानं त्या नावाच्या माणसाला पुढं बोलावून आशीर्वाद द्यायचा, अशी रीत आहे. ज्वारीची पाटी त्याचसाठी असते. यल्लाप्पानं सवयीनं चिमूटभर दाणे उचलले, हात वर नेला आणि माझ्याकडं बघून तिथंच थांबला. तो आशीर्वाद वंशाचा वेल वाढण्याचा असतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. दाणे परत पाटीत टाकावेत की काय, असा त्याचा हात अवघडला. म्हातारा भला माणूस होता. मला त्याचीच दया आली.

मी चौकट सोडून पुढं झाले. "म्हना की, मामा," मी म्हटलं. "माजं नाव लिवलंय न्हवं? मग जे सगळ्यांना म्हंता त्ये मला बी म्हना."

"येल मांडवाला जाऊ दे," यल्लाप्पा हळू म्हणाला आणि त्यानं दाणे माझ्या डोक्यावर टाकले.

मी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून तो आशीर्वाद घेतला. मग पाटी उचलून ज्वारी त्याच्या पोत्यात ओतली, आणि आप्पा आत काय करतायत ते बघायला गेले. ते कॉटवर भिंतीकडं तोंड करून बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले.